दुकानाची पाटी आणि गिऱ्हाइकाचा शब्द

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात लातूर येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाल्यावर एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने विद्यार्थ्यांस उपदेशाचे चार शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे. यंदा तो मान आम्हांस मिळाला, याबद्दल कार्यकारी मंडळाचे आम्ही ऋणी आहोत. परंतु आज आम्ही उपदेश करण्याकरिता उभे नाही. एका विद्यार्थ्याने आम्हांस जो धडा शिकविला तो आपल्यापुढे मांडावा, आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली आपल्या साक्षीने द्यावी, आणि शेवटी एक सूचना करावी, एवढाच आमचा हेतू आहे.

आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून नांदेड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांत आम्ही छत्तीस वर्षे मुले शिकविली. निवृत्त झाल्यावर आपण आम्हांस मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या समितीवर घेतले. या निधीतून वैद्यकीय, अभियांत्रिकी, शिक्षणशास्त्र अशा अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांस बिनव्याजी कर्ज दिले जाते, हे आपण जाणताच.

तीन वर्षांपूर्वी समितीपुढे नांदेडच्या एका विद्यार्थ्याचा अर्ज आला. त्याचे वडील आपल्याच ज्ञातीतील असून नांदेडात त्यांचे लहानसे किराणा दुकान आहे. मुलगा नीट परीक्षेच्या तयारीकरिता लातुरास दोन वर्षे खोली घेऊन राहिला होता. 'लातूर पॅटर्न'ने या गावाचा लौकिक साऱ्या महाराष्ट्रात नेला आणि शेकडो गरीब घरांत डॉक्टर निर्माण केले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु ज्या वाटेने हजारो जातात, त्या वाटेवर सगळेच मुक्कामाला पोहोचत नाहीत. या मुलास दोन्ही वर्षी पुरेसे गुण मिळाले नाहीत. अर्जात त्याने लिहिले होते की, पदवीचे शिक्षण घेता घेता मला इंटरनेट मार्केटिंग आणि सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन शिकावयाचे आहे. संगणक व शुल्क यांकरिता अठरा हजार रुपये मिळावेत.

आम्ही तो अर्ज वाचला आणि त्यावर आमच्या हाताने शेरा मारला, "हे शिक्षण नव्हे, ही जाहिरातबाजी आहे." अर्ज नामंजूर झाला. एका मास्तराने एका विद्यार्थ्याविषयी, त्यास न भेटता, दोन मिनिटांत निकाल दिला.

सुमारे आठ महिन्यांनी एका लग्नात त्याच्या वडिलांची गाठ पडली. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितले की, मंडळाने नाही म्हटल्यावर मुलाच्या आईने कानांतील सोन्याची फुले गहाण ठेवून पैसे उभे केले. ते पैसे एका शिकवणीवाल्याने घेतले. नोकरीची हमी दिली होती. चार महिन्यांनी हाती एक रंगीत प्रमाणपत्र आले आणि नोकरीचे नाव नाही. "गुरुजी, तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले, "पण पोरगं आता कोणाशी बोलत नाही." ते वाक्य ऐकून आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो.

मुलगा दाराशी आला, वाकून नमस्कार केला आणि मुकाट्याने बसला. आम्ही म्हणालो, "बाबा, आम्ही ज्याला नाही म्हटले ते नेमके काय आहे, हे आम्हांस ठाऊक नाही. तू सांगशील का?" तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, एका दिवसात नाही व्हायचं. रोज संध्याकाळी तासभर आलात तर सांगतो." आम्ही आठ संध्याकाळ गेलो. छत्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेला माणूस आठ दिवस पाटावर बसून शिकला. तेथे जे उमगले ते आमच्या भाषेत सांगतो.

आपणां सर्वांस गंजगोलाई परिचित आहे. गोलाईभोवती सोळा रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्याचा बाजार निराळा. परगावचा माणूस तेथे उभा राहिला की त्याने कोणाला तरी विचारावेच लागते, "अहो, चांगली डाळ कोठे मिळेल?" ज्याला विचारले तो जाणकार असला तर चार दुकानांची नावे सांगतो, आणि ज्याचे नाव पहिल्याने सांगतो, बहुधा तिकडेच पावले वळतात. आज हा प्रश्न माणूस माणसाला न विचारता मोबाईलला विचारतो. उत्तर देणारे जे यंत्र, त्याला शोधयंत्र म्हणावयाचे. गूगल हे त्यांतील सर्वांत मोठे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये ही कंपनी स्थापन केली. आपल्या देशात सर्वसामान्यांकरिता इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली होती. परंतु आपल्या खेड्यांत ती खऱ्या अर्थाने पोहोचली ती २०१६ नंतर, मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर.

हे यंत्र तीन कामे करते. पहिले, ते एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यादुव्याने फिरत राहते, जसा पूर्वी जनगणनेचा कारकून घरोघर फिरे. दुसरे, जे वाचले त्याची सूची करून ठेवते. तिसरे, कोणी प्रश्न विचारला की सूचीतून योग्य पाने काढून त्यांचा क्रम लावते. हा क्रम कशावरून ठरतो? त्या दोन विद्यार्थ्यांची मूळ कल्पना आम्हांस फार आवडली. एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखविले तर ती त्या दुसऱ्या पानाची साक्ष समजावयाची. आणि साक्ष देणाऱ्याची पत जितकी मोठी, तितके तिचे वजन अधिक. आपल्या समाजात सोयरीक जुळविताना आपण हेच करतो. दहा अनोळखी माणसांनी केलेल्या स्तुतीपेक्षा एका विश्वासू माणसाचा शब्द आपण अधिक मानतो. पुढे या हिशेबात आणखी पुष्कळ गोष्टी मिळविल्या गेल्या. पान प्रश्नाला धरून आहे काय, मोबाईलवर लवकर उघडते काय, मजकूर उपयोगी आहे काय, असे ते पाहिले जाते. पैसे भरून या क्रमात वर जाता येत नाही. पैसे देऊन जे वर दिसते ती जाहिरात होय, आणि ती प्रायोजित आहे असे तेथे लिहिलेले असते.

आपले पान यंत्रास नीट वाचता यावे आणि शोधणाऱ्यास नेमके उपयोगी पडावे, अशी त्याची रचना करणे, याचे नाव सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. आमच्या शेऱ्यातील 'जाहिरातबाजी' हा शब्द येथेच आम्हांस प्रथम टोचला.

आता त्या मुलाने प्रत्यक्ष काय केले ते ऐका. शिकवणीचे चार महिने वाया गेल्यावर त्याने गूगलनेच विनामूल्य ठेवलेली नवशिक्यांची मार्गदर्शिका वाचावयास घेतली. शब्दकोश जवळ ठेवून त्याने ती इंग्रजीतून वाचली. आणि प्रयोगास सुरुवात केली ती स्वतःच्या वडिलांच्या दुकानापासून.

गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. वडिलांच्या दुकानाची नोंद पूर्वी कोणी तरी करून ठेवली होती. परंतु खूण मागच्या गल्लीत पडली होती, फोन क्रमांक बंद पडलेला होता, आणि दुकान रविवारी बंद असते असे लिहिले होते. वस्तुतः रविवार हाच त्यांचा मोठा दिवस! नांदेडास सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाकरिता पंजाबातून बारा महिने यात्रेकरू येतात. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस थेट येथे येते. हे लोक प्रवासाकरिता लागणाऱ्या वस्तू शोधतात ते हिंदीत किंवा गुरुमुखीत. मुलाने खूण जागेवर आणली, वेळ व फोन सुधारला, दुकानाची खरी छायाचित्रे घातली, आणि दुकानात काय मिळते ते मराठीबरोबर हिंदीतही लिहिले. गुरुमुखीतील चार ओळी त्याने एका पंजाबी गिऱ्हाइकाकडून तपासून घेतल्या. पहिले तीन महिने काही फरक पडला नाही. चौथ्या महिन्यात लुधियान्याचे एक कुटुंब मोबाईल हातात धरून दुकान शोधत आले. वडिलांनी त्या दिवशी मुलास पहिल्याने गल्ल्यावर बसविले.

दुसरा प्रयोग येथे लातुरास झाला. त्याचे मामा येथे डाळीचा व्यापार करतात. लातूर ही तूर आणि सोयाबीन यांची केवढी मोठी बाजारपेठ आहे, हे आम्ही लातूरकरांस सांगावयास नको. मुलगा सुटीत मामांच्या दुकानात एक वही घेऊन बसला, आणि महिनाभर त्याने एकच काम केले. गिऱ्हाईक तोंडाने जो शब्द उच्चारील तो जसाच्या तसा लिहून घेतला. ती वही आम्ही पाहिली आहे. 'तूरडाळ' असे पाटीवरचे शुद्ध नाव क्वचितच कोणी घेतले होते. कोणी 'तुरीची दाळ' म्हणे, कोणी 'वरणाची दाळ', कोणी 'बिनपालिशची', परप्रांतीय 'अरहर' म्हणत. कोणी नाव न घेता नुसते विचारी, "लवकर शिजणारी आहे का?" रोमन लिपीत लिहावयाचे झाले तर कोणी 'यू' घालतो, कोणी दोन 'ओ' घालतो. मुलगा म्हणाला, "गुरुजी, मामांची पाटी मामांच्या शब्दांत आहे. शोधणारा आपल्या शब्दांत शोधतो. दोघांची गाठ पडत नाही, एवढंच दुखणं आहे."

बंधुभगिनींनो, या एका वाक्याकरिता आम्ही आज उभे आहोत. सारी अध्यापनकला याहून निराळी आहे काय? शिक्षकाचा शब्द आणि मुलाचा शब्द यांची गाठ पडत नाही, तोवर शिकविणे व्यर्थ. जो मुलगा परीक्षेत प्रश्न नीट वाचीत नाही म्हणून मागे पडला असे आम्ही समजत होतो, तो आज दुसऱ्याचा प्रश्न दुसऱ्याच्या शब्दांत वाचण्यास शिकत होता. त्यास आम्ही शिक्षण नव्हे असे म्हटले!

वहीतील प्रश्नांची उत्तरे त्याने साध्या मराठीत लिहून मामांच्या पानावर घातली. डाळ लवकर का शिजते, पालिश म्हणजे काय, कीड लागू नये म्हणून काय करावे, असे एकेक विषय त्याने घेतले. भावफलकाचे नुसते छायाचित्र न टाकता तोच मजकूर त्याने टंकून लिहिला, कारण चित्रातील अक्षरांवर यंत्राने विसंबावे हे खात्रीचे नव्हे. पुढे २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांस भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा लोक ही नावे शोधू लागतील हे त्याने ओळखले. मामा म्हणाले, "आपल्या साऱ्या पोत्यांवर बोरसुरी लिहून टाक." मुलाने विचारले, "मामा, माल बोरसुरीचा आहे का?" माल बोरसुरीचा नव्हता. मुलाने लिहिले नाही.

येथून खरा कसोटीचा प्रसंग आला. शेजारच्या दुकानाविषयी इंटरनेटवर पन्नास लोकांनी चांगला अभिप्राय लिहिलेला मामांनी पाहिला. त्यांनी भाच्यास सांगितले की, आपणही पन्नास खोट्या नावांनी अभिप्राय लिहून टाक. शिकवणीत हे शिकविले असेल की! आणि खरोखरच त्या शिकवणीत हेच शिकविले होते. खोटे अभिप्राय कसे लिहावेत, दुवे विकत कसे घ्यावेत, एकच शब्द पानात शंभरदा कसा कोंबावा, याचेच तेथे धडे होते. मुलाने नकार दिला. मामा संतापले. "आम्ही तुला जागा दिली, आणि तू आम्हांला नीती शिकवतोस?" असे म्हणून त्यांनी दिवाळीपर्यंत त्याच्याशी भाषण सोडले. भाऊबीजेस बहिणीच्या घरीसुद्धा ते घाईने आले आणि घाईने गेले. आईची फुले गहाण, बापाचा व्यापार बेताचा, आणि मिळकतीची एकुलती एक आशा असलेला मामा रुसलेला. एकोणीस वर्षांच्या मुलास हे सोपे नव्हते.

तो बरोबर होता, हे केवळ नीतीच्या पुस्तकावरून नव्हे. असे प्रकार शोधयंत्राच्या नियमांविरुद्ध आहेत आणि उघडकीस आल्यास पान खाली ढकलले जाते किंवा सूचीतून काढलेही जाते. आपल्या देशाच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इंटरनेटवरील ग्राहकांच्या अभिप्रायांकरिता भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये एक मानकही प्रसिद्ध केले आहे. मुलाने मामांस दुसरा मार्ग सुचविला. डाळ नेणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या गिऱ्हाइकास, डाळ शिजवून पाहिल्यावर खरे काय वाटले ते लिहा, अशी विनंती करावी. दिवाळीनंतर मामांनी ती मान्य केली. वर्षभरात एकतीस अभिप्राय आले. त्यांतील दोन तक्रारीचे होते. मामांनी त्या दोघांस पोती बदलून दिली, आणि त्या दोघांनीच पुढे आणखी गिऱ्हाइके पाठविली.

जाहिरात म्हटली की ती खोटीच, हा आमचा ग्रह महाराष्ट्राच्या इतिहासाला धरूनही नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर चांगला असून भागत नव्हते. तो चांगला आहे हे शेतकऱ्याच्या भाषेत सांगावे लागले. पुढे कारखान्याची माहिती देण्याकरिता १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याच पत्रकाचे मराठी घराघरांत वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि १९३० मध्ये त्याच्या जोडीला 'स्त्री' मासिक आले. वाचकास उपयोगी ते द्यावे, म्हणजे तो आपल्या मालाकडे आपण होऊन वळतो, हे मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. मात्र नांगर खरोखर नांगरणारा होता, हे विसरून चालणार नाही.

आता ज्या कुटुंबांतील मुलेमुली या वाटेने जाऊ इच्छितात, त्यांकरिता चार गोष्टी सांगतो.

जो कोणी तुम्हांस शोधयंत्रात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी देईल, त्यास पैसे देऊ नका. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच सांगितलेले आहे. जो नोकरीची हमी देईल त्याच्याकडून ती कागदावर लिहून घ्या. बहुधा तो लिहून देणार नाही.

शुल्क भरण्यापूर्वी जे विनामूल्य आहे ते शिका. गूगलची मार्गदर्शिका आहे, त्यांच्या प्रमाणपत्राच्या परीक्षा आहेत, आणि केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर २०१७ पासून नाना विषयांचे अभ्यासक्रम आहेत. दोन महिने हे करून पाहिल्यावर गोडी टिकली, तरच पुढचा खर्च करा.

मराठी उत्तम लिहावयास शिका. इंग्रजी लागतेच, परंतु आपल्या जिल्ह्यातील दुकानदाराचे गिऱ्हाईक मराठीत विचारते, आणि त्यास नीट उत्तर देणारी पाने अजून थोडी आहेत. त्याबरोबर हिशेबही शिका. जाहिरातीवर शंभर रुपये खर्चून किती गिऱ्हाइके आली आणि नफा किती झाला, हे ज्यास मांडता येत नाही तो दुसऱ्याचे पैसे बुडवितो.

आणि हे विद्यादेखील स्थिर राहणार नाही, हे ध्यानात ठेवा. २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर शोधयंत्रात आपल्याकडेही वरच दिसू लागले आहे. पुष्कळ लोक ते वाचून तेथेच थांबतात आणि खालची पाने उघडीत नाहीत. युक्त्या शिकलेला मनुष्य अशा वेळी उघडा पडतो. गिऱ्हाइकाचा प्रश्न समजून घेण्यास शिकलेला मनुष्य नवे साधन हाती घेतो.

तो मुलगा आज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात आहे. नांदेडातील चार व लातुरातील दोन दुकानांचे काम तो सांभाळतो. तो श्रीमंत झालेला नाही; काही महिने हात आखडता असतो. परंतु गेल्या अक्षय्य तृतीयेस त्याने आईची फुले सोडवून आणली. आम्ही त्यास म्हणालो, "बाबा, आता मंडळाकडे पुन्हा अर्ज कर, आम्ही शिफारस करतो." तो नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, माझं भागलं. पुढच्या पोराचा अर्ज आला तर त्याला एकदा भेटा म्हणजे झालं."

त्याच्या या शब्दास मान देऊन आम्ही आज सभेपुढे सूचना मांडतो. साहाय्य निधीच्या नियमांत अशा नव्या व्यवसायांच्या शिक्षणाचा समावेश व्हावा. कर्जाची रक्कम शिकवणीवाल्याच्या हाती एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यावी. ज्यास कर्ज मिळेल त्याने ज्ञातीतील एका लहान दुकानाचे काम वर्षभर विनामोबदला करून द्यावे. आणि कोणाही विद्यार्थ्याचा अर्ज त्यास प्रत्यक्ष भेटल्यावाचून नामंजूर करू नये.

तीन वर्षांपूर्वीचा तो अर्ज अजून मंडळाच्या दप्तरी आहे. आमचा शेरा खोडण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि खोडूही नये. त्याच्याखाली आम्ही गेल्या आठवड्यात एक ओळ लिहून सही केली आहे, "वरील शेरा विषय न समजता मारलेला आहे."